टायरात नेमकी किती हवा ठेवायची? तीन पंपांवर तीन आकडे आले, चवथीआधी सल्ला हवाय

कुळागर_डिचोली

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी हवीय. गाडी पेट्रोल हॅचबॅक, साडेचार वर्षं झाली, ४१ हजार किलोमीटर, टायर शोरूममधून आले तेच चालू आहेत. मी डिचोलीचा, नोकरी वेर्ण्याला, त्यामुळे रोज पणजीवरून झुआरी पूल करून जाणं-येणं.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी परत येताना बांबोळीच्या उतारावर धो धो पाऊस, रस्त्यावर पाणी साचलेलं, स्पीड असेल ७० च्या आसपास, आणि अचानक गाडीचा मागचा भाग हलका होऊन डावीकडे सरकल्यासारखा झाला. एक-दोन सेकंदच. मी ब्रेक मारला नाही, अॅक्सिलरेटर सोडला आणि गाडी आपोआप सरळ झाली, पण बायको बाजूला होती आणि मागे मुलगी झोपलेली, घरी पोचेपर्यंत आम्ही कोणी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पंपावर हवा चेक केली. मी नेहमी तिथेच भरतो, ऑफिसला जाताना वाटेत, दोन-तीन आठवड्यांतून एकदा. तिथला मुलगा काही न विचारता चारही टायरांना ३५ मारतो, मशीनवर ३५ दिसतं, टिंग वाजतं, झालं. परवा म्हापशात दुसऱ्या पंपावर सहज लावून बघितलं तर पुढचे २९ दाखवले. काल तिसरीकडे तेच टायर ३६! आता कोणाचं खरं मानायचं?

त्यात ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर आहे त्यावर २२०, २१०, २५० असे आकडे आहेत, आणि टायरच्या बाजूवर मॅक्स ५१ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असं कोरलंय. मेकॅनिक म्हणतो ३५ ठीक आहे. भावोजी म्हणतात ४० मार, मायलेज वाढतं.

चवथीला पेडण्याला मूळ घरी जायचंय, पाच माणसं, माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळांचं) सामान, कपडे, भांडी, डिकी भरून. आणि चवथ झाल्यावर चोर्ला घाटातून बेळगावला सासुरवाडीला. एवढा लोड असताना हवा वाढवायची का, आणि घाट चढताना कमी करावी लागते का? प्लीज नीट सांगा, पावसात परत तसं व्हायला नकोय.

मोपा_दाबोळी_टॅक्सी

भाऊ, आधी एक गोष्ट, ब्रेक मारला नाहीस ते फार बरं केलंस. पाण्यावर सरकलेल्या गाडीला ब्रेक मारला की ती फिरते. १९ वर्षं टॅक्सी चालवतोय, असं फिरलेलं डोळ्यांनी बघितलंय.

आता हवा. टायरवर कोरलेला ५१ विसरून जा, तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा आकडा आहे, तुझ्या गाडीला किती लागते त्याचा नाही. तोच टायर दुसऱ्या गाडीलाही बसतो, तिचं वजन वेगळं, मग टायर कंपनीला कसं कळणार तुझी गाडी किती जड. तुझ्या गाडीचा आकडा गाडी बनवणाऱ्यानेच दाराच्या स्टिकरवर दिलाय, काही गाड्यांना पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. तुझे ते आकडे किलोपास्कलमध्ये आहेत. १०० म्हणजे साडेचौदा पीएसआय. म्हणजे २२० झाले ३२, २१० झाले ३० आणि २५० झाले ३६. माझ्या अंदाजाने पुढे ३२ मागे ३० हे दोन-तीन माणसांसाठी, आणि मागे ३६ हे फुल लोडसाठी. स्टिकरवर माणसांची आणि बॅगेची चित्रं असतील, नीट बघून सांग.

दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर सावकाश आलेली. तू भरतोस ऑफिसला जाताना वाटेत. डिचोलीहून तिथे येईपर्यंत टायर तापलेले असतात, तीन-चार पीएसआय आपोआप चढलेले असतात, त्यावर तो मुलगा ३५ बघून थांबतो. म्हणजे तुझे टायर सकाळी घरी ३१-३२ असतील, ते पण मशीन खरं बोलत असेल तर.

मशीन खरं बोलतं का हे कळायला एकच उपाय, स्वतःचं गेज घे. पाच-सहाशे रुपयांत चांगलं डिजिटल मिळतं, डायलवालं पण चालतं. मी सकाळी चहाच्या आधी चेक करतो, चार टायर दोन मिनिटं. उन्हात एका बाजूने गाडी उभी असेल तर त्या बाजूचे टायर जास्त दाखवतात, म्हणून ऊन यायच्या आत. महिन्यातून दोनदा कर, पावसाळ्यात दर आठवड्याला. पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामात जे खड्डे चुकवत आपण सगळे गेलो त्यात माझी एक रिम वाकली आणि तिथून हळूहळू हवा जायला लागली, डोळ्याला काही दिसत नव्हतं, गेजने सांगितलं.

हात लावून किंवा लाथ मारून टायर बघणारे खूप आहेत. हल्लीचा रेडियल टायर २२ ला पण ३२ सारखाच दिसतो, खालून सगळेच जरा फुगलेले दिसतात. डोळ्यावर जाऊ नको.

लाँगड्राईव्ह_मडगाव

मी गेली तीन वर्षं ४० ठेवतो सगळ्यांना. गाडी फ्री पळते, स्टेअरिंग हलकं, मायलेज वाढलेलं जाणवतं. आणि नायट्रोजन भरा, मग चेक करायची कटकटच नाही.

मोपा_दाबोळी_टॅक्सी

पात्रांव, राग मानू नको पण ४० पावसात मारायला सांगू नको कोणाला. स्टिकर ३०-३२ सांगतो तिथे ४० भरलं की टायर मधोमध फुगतो, रस्त्याला फक्त मधला पट्टा लागतो, ब्रेकिंगला पकड कमी, खड्ड्यात टायर दबून धक्का खाण्याऐवजी सगळा मार रिमला आणि सस्पेन्शनला जातो. स्टेअरिंग हलकं झालं असं तू म्हणतोस ते रस्त्याला रबर कमी लागतंय म्हणूनच. तुझे टायर काढून बघ, मधले खाचे कडेपेक्षा आधी झिजलेले असतील.

लाँगड्राईव्ह_मडगाव

मधून झिजलेत हे खरं आहे, मागच्या वेळी टायरवाल्याने पण दाखवलं होतं. मला वाटलं अलाइनमेंट. पण मायलेजचं काय मग?

फिजिक्सच्या_बाई_फोंडा

मी फोंड्याला उच्च माध्यमिकमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे आणि गाडी अजून स्वतः चालवते, म्हणून लिहिते.

मायलेजचं आधी. अमेरिकन सरकारची फ्युएल इकॉनॉमीची जी माहिती आहे त्यात चारही टायरांची सरासरी हवा १ पीएसआयने कमी झाली तर पेट्रोल साधारण ०.२ टक्के जास्त जातं असं दिलंय. म्हणजे कमी हवेमुळे नुकसान होतं हे नक्की, पण ३२ वरून ४० वर नेऊन फार मोठा फायदा होईल असं त्यातून निघत नाही, आठ पीएसआयला दीड टक्का धरला तरी वीस किलोमीटरच्या मायलेजला तीनशे मीटर. त्यासाठी ओल्या रस्त्यावरची पकड घालवायची का ते ज्याचं त्याने ठरवावं, मी घालवणार नाही.

नायट्रोजनचं. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांच्या मासिकाने ३१ प्रकारचे टायर वर्षभर ठेवून मोजले होते, ३० पीएसआयने सुरुवात केली, साधी हवा वर्षात सरासरी ३.५ पीएसआय उतरली आणि नायट्रोजन २.२. फरक आहे, पण उतरतो तोही. खिळा लागला, व्हॉल्वमधली पिन लीक झाली तर नायट्रोजन काय थांबणार आहे का. विकत घ्यायचा तर घ्या, चेक करणं सुटत नाही. नायट्रोजन कोरडा असतो हा त्याचा खरा गुण, आपल्याकडे पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते रोज काढलं नाही तर हवेबरोबर टायरात जातं आणि आतून रिम गंजते. चांगला दुकानदार टाकीखालचा नळ उघडून पाणी काढतो, तेवढं बघून दुकान निवडा.

आता तापमान. बंद टायरात आकारमान जवळजवळ तेवढंच राहतं, म्हणून तापमान वाढलं की दाब त्याच प्रमाणात वाढतो. फक्त हिशोब करताना गेजच्या आकड्यात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवायचे आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायचं. ३२ अधिक १४.७ म्हणजे ४६.७, सकाळी २७ अंश म्हणजे ३०० केल्विन, दर १० अंशाला ४६.७ चा तिसावा भाग, म्हणजे दीडपेक्षा किंचित जास्त पीएसआय. ढोबळ लक्षात ठेवायचं तर सहा अंशाला एक. टायर चालून २५ अंशांनी तापला तर चार पीएसआय वाढणार, टॅक्सीवाले दादा अनुभवाने सांगतात तेच.

म्हणून गरम टायर ३६ दाखवतोय म्हणून कोणी हवा सोडू नका! कंपनीने ती वाढ धरूनच थंडचा आकडा दिलेला असतो. गरम असताना सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर २८ वर, आणि कमी हवेचा टायर चालताना बाजूने जास्त वाकतो, प्रत्येक फेऱ्याला वाकतो, त्या वाकण्याने आणखी तापतो. टायर फुटतात ते बहुतेक याने. लोकांना वाटतं जास्त हवेने फुटतात, म्हणून उन्हाळ्यात हवा कमी करून निघतात, हे अगदी उलट आहे. वाटेत भरावीच लागली तर स्टिकरपेक्षा चार जास्त ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना नीट करा.

घाटाचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून तेच टायर गेजवर सव्वा पीएसआय जास्त दाखवतील, पण तिथे सकाळ पाच अंशांनी थंड असली तर त्यातला जवळजवळ एक परत जाईल. हाताशी उरतो अर्धा पीएसआय. त्यासाठी घाटात थांबून काही करायचं नाही. उतरताना ब्रेक तापतात, ती उष्णता चाकांत येते, तेव्हा तर हात लावायचाच नाही, गिअर खाली ठेवून उतरा.

तुमच्या बांबोळीच्या प्रसंगाबद्दल मला एक हिशोब करायचाय, पण आधी सकाळचे थंड आकडे द्या, चारही टायरांचे वेगवेगळे.

कुळागर_डिचोली

बाई, दादा, खूप आभार. काल संध्याकाळी म्हापशाहून डिजिटल गेज आणलं, आज सकाळी साडेसहाला पाऊस थांबला तेवढ्यात घेतले आकडे. गाडी रात्रभर उभी होती.

पुढचा डावा २८. पुढचा उजवा २८.५. मागचा उजवा २८. मागचा डावा २२.

दोनदा घेतले, तेच आले. २२ बघून पोटात गोळाच आला. बाहेरून बघितलं तर खरंच बाकीच्यांसारखाच दिसतो, मुलीला विचारलं यातला कमी हवेचा कुठला ओळख, तिने पुढचा दाखवला.

मग गेज घेऊनच त्या नेहमीच्या पंपावर गेलो. त्यांच्या मशीनने ३५ करून टिंग वाजल्यावर लगेच माझं गेज लावलं, ३१. दुसऱ्या टायरला पण ३१. म्हणजे मशीन चार जास्त दाखवतं, शिवाय टायर गरम. मी इतके महिने ३५ समजून सकाळी २७-२८ वर चालवत होतो. मुलाला दाखवलं तर तो म्हणाला बदलायला सांगतो. त्याचा दोष नाही, त्याला जे दिलंय त्याने भरतो.

टायर पण हात फिरवून बघितले, दोन्ही कडा झिजलेल्या आणि मधला भाग बरा. स्टिकरवर दादा म्हणाले तसंच आहे, तीन माणसं असली तर ३२-३०, पाच माणसं आणि बॅग असली तर ३२-३६.

फिजिक्सच्या_बाई_फोंडा

दोन्ही कडा झिजणं ही कमी हवेचीच खूण, एकच कड झिजली असती तर अलाइनमेंट म्हटलं असतं.

आता तो हिशोब. १९६० च्या दशकात नासामध्ये विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र काढलं, पाणी साचलेल्या धावपट्टीवर टायर कुठल्या वेगाला तरंगायला लागतो त्याचं. हवेच्या दाबाचं वर्गमूळ घ्यायचं आणि आपल्या किलोमीटरमध्ये साधारण १६.७ ने गुणायचं. विमानासाठीचं आहे, मोटारीला फक्त अंदाज म्हणून घ्यायचं, खाचे झिजलेले असतील तर प्रत्यक्षात त्याहून कमी वेगाला पण तरंगतो. ३२ पीएसआयला येतात ९४ किलोमीटर. २८ ला ८८. २२ ला ७८.

तुम्ही ७० ने येत होता, आणि टायरांच्या कडा झिजलेल्या. चारांतलं सगळ्यात आधी तरंगणार ते मागचं डावं, आणि बहुधा तेच पाण्यावर उचललं गेलं. मागचा भाग डावीकडे गेला असं तुम्हीच लिहिलंय.

कुळागर_डिचोली

बाई, हे वाचून अंगावर काटा आला. बायकोला वाचून दाखवलं. आता त्या टायरचं काय करू, नवीन घेऊ का सरळ?

टायरवाला_म्हापसा

थांबा, थेट टायर घ्यायला धावू नका. माझं टायरचं दुकान आहे म्हापशात, वडिलांच्या वेळेपासून. चांगला टायर महिन्याला फार तर एक पीएसआय सोडतो, तेवढं चालतं. बाकीचे २८ आणि हा २२ म्हणजे लीक आहे, आणि हळू आहे म्हणजे बहुतेक तीनातलं एक, बारीक खिळा किंवा स्क्रू, नाहीतर व्हॉल्व, नाहीतर रिमची कड.

घरीच बघता येईल. कपडे धुवायच्या साबणाचं पाणी जाडसर करून आधी व्हॉल्वच्या टोपीखाली पिनवर एक थेंब टाका, बुडबुडा फुगला तर पिन गेली, ती काही रुपयांची वस्तू आहे. मग व्हॉल्वची रबरी दांडी बोटाने एका बाजूला वाकवून मुळाशी साबण लावा, ती चिरलेली असेल तर वाकवल्यावरच कळतं, सरळ असताना नाही. साडेचार वर्षांची दांडी, माझा पहिला संशय तिच्यावर. नवीन टायर बसवताना जुनीच दांडी ठेवायला सांगणारे गिऱ्हाईक येतात, मी ऐकत नाही, टायरबरोबर दांडी बदलायचीच.

मग टायर आणि रिम मिळतात तिथे गोल फिरवून साबण. आपल्याकडे खारी हवा, रिम कडेने गंजते, अलॉय असली तरी तिच्यावर पांढरी पूड धरते, आणि टायर तिथे नीट बसत नाही, केसाएवढ्या फटीतून हवा जात राहते. कळंगुट, कोलवा, आगोंद बाजूच्या गाड्या माझ्याकडे याच तक्रारीने येतात, पंक्चर सापडत नाही म्हणून दोन-तीन ठिकाणी फिरून. उपाय साधा आहे, टायर उतरवायचा, रिमची कड ब्रशने साफ करायची, सीलंट लावून परत बसवायचा. वेळ लागतो म्हणून बरेच जण करत नाहीत.

टोपीवरून आठवलं. चमकणाऱ्या लोखंडी, अॅल्युमिनियमच्या फॅन्सी टोप्या लावू नका गोव्यात. व्हॉल्वला चिकटून बसतात, पक्कडीने फिरवली की व्हॉल्वच तुटून हातात येतो. ज्यांच्या गाडीत टायरच्या हवेचे सेन्सर आहेत त्यांची दांडी बऱ्याचदा अॅल्युमिनियमची असते, तिच्यात साधी पितळी पिन घालायची नाही, दोन धातू आणि खारं पाणी मिळून पिन आत गंजून जाम होते, तिथे निकेल चढवलेलीच पिन हवी. काळी प्लॅस्टिकची टोपी सगळ्यात चांगली, पण टोपी हवीच, तिच्यावाचून लाल माती पिनमध्ये जाते. आमच्या खाणपट्ट्यातल्या गाड्यांना, डिचोली-साखळीच्या, मी दरवेळी सांगतो.

सेन्सरवाल्यांना अजून एक. डॅशबोर्डवर लाइट लागत नाही म्हणजे हवा बरोबर आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या नियमात तो लाइट स्टिकरपेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर लागायचा असतो, म्हणजे ३२ च्या गाडीला २४ ला. आणि ज्या गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो, ब्रेकच्या एबीएस यंत्रणेवरून चाकांच्या फिरण्यातला फरक बघून ओळखतात, त्यात हवा भरल्यावर बटण दाबून रिसेट करावं लागतं. ते न करता येतात आणि म्हणतात लाइट जात नाही.

एक विचारतो, स्टेपनी बघितली का?

कुळागर_डिचोली

स्टेपनी नाही बघितली हो. बघून सांगतो.

कुळागर_डिचोली

उशिरा लिहितोय, ऑफिसची गडबड. साबणाचं पाणी करून बसलो रविवारी, मुलगी बाटली धरून. पिन ठीक. दांडी वाकवली आणि मुळाशी सगळा फेसच फेस! तुमचा पहिला संशय बरोबर निघाला. घराजवळच्या दुकानात चारही दांड्या बदलून घेतल्या, टायर उतरवलेच होते म्हणून रिमच्या कडा पण साफ करायला लावल्या, दुकानदार जरा कुरकुरला पण मी बाजूला उभा राहिलो. कडा झिजल्या असल्या तरी टायर बदलायची वेळ दाखवणाऱ्या खाचांतल्या उंचवट्यापर्यंत अजून आलेले नाहीत, दुकानदार म्हणाला हा पावसाळा निघेल.

स्टेपनी १४ पीएसआय. साडेचार वर्षांत तिला कोणी हात लावला नव्हता. चोर्ल्याच्या जंगलात रात्री पंक्चर झालं असतं तर ती लावून दोन किलोमीटर पण गेलो नसतो. माझी स्टेपनी बाकीच्या टायरांच्याच साइजची आहे, तिच्यात किती ठेवू?

टायरवाला_म्हापसा

सारख्याच साइजची असेल तर तुमच्या स्टिकरवरचा सगळ्यात मोठा आकडा, ३६. कुठल्याही चाकाच्या जागी लागू शकते, आणि जास्तीची सोडता येते, रस्त्यावर कमी असेल तर भरणार कुठून. बारीक टायरची टेम्पररी स्टेपनी असते तिला बहुतेक ६० लागते, तिच्यावरच लिहिलेलं असतं, आणि ८० च्या वर पळवायची नाही.

तिच्यावर डॉट (DOT) या अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडे पण बघा. २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनी न वापरता म्हातारी होते, रबर कडक होतं. आठ-नऊ वर्षांची स्टेपनी ‘नवीन आहे हो, वापरलीच नाही’ म्हणून बाकीच्या चाकांत लावून घेणारे आहेत, ते करू नये. दांडी बदलली तिथे दोन-तीन दिवसांनी परत गेज लावा, म्हणजे काम नीट झालंय का कळेल.

काणकोण_ताई

सगळा धागा वाचला. मी तळपणला राहते, घरासमोरच समुद्र, माझ्या गाडीच्या टोप्या खरंच चिकटल्यात, आजच प्लॅस्टिकच्या मागवते. एक विचारू का, मी एकटीच चालवते, घरी पायाने मारायचा पंप आहे, त्याने गाडीच्या टायरात भरता येते का? पेट्रोल पंप काणकोण शहरात, तिथपर्यंत टायर गरम होतात मग परत तेच.

मोपा_दाबोळी_टॅक्सी

येते हो ताई, दोन-चार पीएसआयसाठी पायाचा पंप छान. नाहीतर गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला लागणारा छोटा कॉम्प्रेसर घ्या, दोन-अडीच हजारांत मिळतो, इंजिन चालू ठेवून वापरा म्हणजे बॅटरी उतरणार नाही, पण बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. किंवा असं करा, सकाळी घरी मोजा, कुठला टायर किती कमी ते कागदावर लिहा. समजा पुढचा डावा तीन कमी. पंपावर गेल्यावर गरम टायर जो काही आकडा दाखवेल त्यात तीन वाढवायला सांगा. मग गरम-थंडचा आणि त्यांच्या मशीनच्या चुकीचा, दोन्हींचा प्रश्न उरत नाही. मी विमानतळाच्या लाइनीत असताना असंच करतो.

काणकोण_ताई

हे मस्त आहे, कोणी सांगितलं नव्हतं. देव बरें करूं.

कुळागर_डिचोली

चवथ झाली, बेळगावहून काल परतलो. जाण्याच्या आदल्या सकाळी पुढे ३२ मागे ३६ केलं, स्टेपनी ३६. पाच माणसं, माटोळीचे नारळ, सुपाऱ्या, निरफणस, सगळं घेऊन पेडण्याला पोचलो, धारगळला जोराचा पाऊस लागला तेव्हा ५० वर आणली, गाडी एकदम धरून होती, मागे वजन असून डुलत नव्हती.

चोर्ल्यात केरीपासून धुकं, पार कणकुंबीपर्यंत. कुठेही थांबून हवेला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावात, थंडी होती, मागचे दोन्ही टायर गेजवर ३६.५. बाई, तुमचा अर्धा पीएसआय! सासऱ्यांना दाखवलं, ते आता स्वतःच्या गाडीसाठी गेज मागतायत.

मागचा डावा पण बाकीच्यांइतकाच आहे, पंधरा दिवसांत अर्धासुद्धा उतरला नाही.

फिजिक्सच्या_बाई_फोंडा

फार आनंद झाला. आता डिकी रिकामी झाली असेल तर उद्या सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आधी, मागचे दोन्ही ३० वर आणा. पाऊस अजून महिनाभर आहे.

कुळागर_डिचोली

आणले बाई, आज सकाळीच. मुलीने गेज धरलं होतं.